घोड्याचं नाव ठाऊक आहे

अमेरिकेत लेकीनं आम्हाला दोनशे वर्षांपूर्वीचं एक घर दाखवलं. तिथल्या बाईंच्या जेवणाच्या टेबलावर म्हणे अख्ख्या देशाचे कायदे शिजायचे. गाईडनं त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं, नवऱ्याचं, इतकंच काय, नवऱ्याच्या घोड्याचंही नाव सांगितलं. शेवटी आमची ही वैतागली. "अगं, विचार त्याला, बाईंचं स्वतःचं नाव काय?"

गाईड कागद चाळत बसला.

बाहेर येताच ती माझ्यावर उखडली. "तीस वर्षं तुमच्या पक्षाला समुद्रभर चहा पाजला. एकाला तरी माझं नाव माहीत आहे? जो तो आपला वहिनी, वहिनी!"

खरंच होतं. तिच्या पोह्यांवर आम्ही तीन नगराध्यक्ष पाडले होते. मी घाईघाईनं समजूत काढायला गेलो आणि तोंडातून निघालं, "असं काय करता, वहिनी!"