मामाची शपथ आणि चार दिवसांचं वर्ष

आमच्या धनगरांत भंडारा उचलून बोललेला शब्द मोडता येत नाही. मग बोलणाऱ्याला कितीही पस्तावा होवो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मामानं कळपातला मेंढा आणला. त्याचं मटण जेवताना अप्पा म्हणाले, "मेंढा म्हातारा दिसतोय, दात हलायलेत माझे." अप्पांच्या जिभेला हाड नाहीच. मामा ताटावरून उठला, देव्हाऱ्यातला भंडारा उचलला. "दाजी, वरीसभर ह्या घरात पाऊल टाकणार न्हाई!"

तीन महिन्यांवर ताईचं लग्न. पाठीशी मामा उभा नसेल तर बोहल्यावर चढणार नाही, असं ताईनं सांगून टाकलं. आई चुलीपुढे डोळे पुसायची आणि धुराला शिव्या द्यायची.

मी तेव्हा गुलबर्ग्यात बीएस्सीला होते. पंच्याण्णव साल. पेपरात बातमी आली, आकाशाच्या हिशेबानं शेजारच्याच एका ताऱ्याभोवती गुरूच्या तोडीचा ग्रह सापडलाय, ताऱ्याला इतका खेटून की चार दिवसांत त्याचं वर्ष संपतं. वर्ग ग्रहाचा विचार करत होता, मी मामाचा. लग्न आठवड्यावर आलं तशी थेट मामाचं गाव, करजगी गाठली.

दिवेलागण होऊन गेली होती. मामा शेतात मेंढरांपाशी बसला होता.

"कामून आलीस? दाजीनं धाडलं व्हय?"

"न्हाई. तारा दावायला आले."

डोक्यावरचा चार चांदण्यांचा मोठा चौकोन मी दाखवला, त्याच्या कडेची बारीकशी चांदणी दाखवली आणि चार दिवसांच्या वर्षाचं सगळं सांगितलं. "मग मामा, तिथल्या हिशेबानं तुमची शपथ कवाच फिटली की!"

मामा एवढ्यानं हसला की मेंढरं उठून उभी राहिली. "देवाला फसवायलीस व्हय गं? शिकून हेच केलीस?"

माझी सगळी हुशारी तिथंच संपली. रडूच यायला लागलं.

मामा मात्र अजून वरच बघत होता. त्यानं विचारलं, "पोळ्यापासून किती वरसं झाली म्हणायची तिथं?"

"वीसेक."

"वीस?" त्याचं हसू गेलं. "वीस वरसं मी आक्काच्या दारात गेलो न्हाई?"

मामानं कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली, चिमूटभर आभाळाकडे उधळला, हात जोडले आणि घोंगडी झटकत उठला.

"म्हातारी झाली आसंल गं आक्का माझी. सकाळची पयली बस किती वाजता हाय?"