वायंडिंगवाल्याचं पुस्तक

रिसोडच्या बाजाराजवळ विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करणारा, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळणारा, एक माणूस आहे. मोटार उघडण्याआधी तो तिचा वास घेतो आणि म्हणतो, "तीनातली एक फेज गेली होती. तुमी मोटार चालूच ठेवली." शेतकरी आधी नाही म्हणतो, उघडल्यावर खाली बघतो. देव, पुढारी, हवामानाचा अंदाज, कशावरच या गृहस्थाचा विश्वास नाही.

टेबलावर मात्र एक जाडजूड कॉमिक कायम असतं. आजच्या जमान्यातला एक कुजकट जादूगार त्यात भुतांशी भांडतो. "हा सैतानालेही टोमणे मारते," हे त्याचं मला कितीदा तरी सांगून झालंय.

त्यातली चित्रं पाहून लोकांत बोलवा झाली, की हे मंत्राचं पुस्तक आहे. एकदा मी तिथे बसलो असताना जवळच्या खेड्यातली एक बाई आली. पोरीला झटके येत होते, तीन मांत्रिक करून झाले होते.

"तुमच्या पुस्तकात पाहा ना जी."

मला वाटलं, आता हा तिला फाडून खाणार. त्याने हात पुसले, पुस्तक उघडलं, एका पानावर बोट फिरवलं.

"याच्यात लिवलं हाय, मावशी. पोरीले आजच वाशिमले मोठ्या डॉक्टरकडं न्या. एक गोळी चुकली, तर भूत दुप्पट होऊन येते."

ती गेल्यावर मी म्हणालो, "चक्क खोटं बोललात!"

"खरं सांगनारे लय भेटले तिले. आयकलं का कोनाचं?"

झटके थांबलेत. बाई अजून दर महिन्याला येते. तो तेच पान उघडतो, गंभीर चेहऱ्याने पाहतो आणि सांगतो, "गोळ्या चालू ठेवा."

त्या पानावर जादूगार नुसता चहा पीत बसलाय.