दमदिनची अनामिका

माझा धाकटा भाऊ दमदिन आमच्या गवताळ खोऱ्यातला नावाजलेला घोडेवाला. लांब काठीचा फास टाकला की माजलेला घोडासुद्धा गुमान थांबायचा. प्यायचाही तसाच, दणकून. यकृताचा कॅन्सर निघाला तेव्हा त्यानं आईच्या चुलीला हात लावून शपथ घेतली, थेंब नाही. बायको सेवेलमा म्हणाली, "प्यालात तर तंबू वेगळा!"

शहरात सलाईनमधून नवं औषध दिलं आणि गाठ आटली की हो! मी आभाळाला दूध शिंपडलं.

दुसऱ्या सलाईननंतर शिंगरं डागायचा सण आला. दारूचा वाडगा फिरला. आमच्यात न पिणाऱ्यानं अनामिका त्यात बुडवायची, आभाळाला नि भुईला थेंब उडवायचे, बोट कपाळाला टेकवायचं. यजमानाचा मान राहतो. दमदिनचा हात छातीच्या वर उठेना. शेवटी त्यानं कपाळच बोटापाशी नेलं. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, जीभ जड.

"साहेब झोकून आलेत!" मेहुणा खिदळला. सगळे हसले मेले.

"अगं, हातात जीवच नाही," दमदिन बायकोला म्हणाला. "उद्या डॉक्टरकडे ने."

"जीव बाटलीत राहिला असेल. आधी उतरू दे," असं म्हणून सेवेलमानं जीपची किल्ली कमरेला खोचली. तिनं आयुष्यभर पिऊन आल्यावरची असलीच कारणं ऐकली होती, तिला तरी काय बोलणार?

सणानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला चहा पाजायला गेले. घोट गिळवेना, नाकातून बाहेर आला. मी तोंडाशी वाकले. नुसता दुधाचा वास.

"अगं करंटे, हा प्यालेला नाही!" मी किंचाळले. सेवेलमानं कमरेची किल्ली ओढली नि जीप शहराकडे पिटाळली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "औषधानं शरीराचे राखणदार कुत्रे लांडग्यावर सोडले. लांडगा जवळपास संपला. पण हजारात एखाद्याचे कुत्रे कळपावरच उलटतात. यांचे स्नायू धरलेत, आता हृदयही."

"लगेच आणलं असतं तर?" सेवेलमानं विचारलं.

"तेव्हा कुत्रे कदाचित आवरता आले असते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दमदिन गेला. सेवेलमानं त्याचा उजवा हात उचलला, अनामिका सरळ केली आणि त्याच्या कपाळाला टेकवली.

"तुम्ही सांगत होतात हो," ती म्हणाली. "सांगत होतात."