दाराची फट

पालिकेच्या पेंटरकाकांना शहराची ढाल, म्हणजे पालिकेचं बोधचिन्ह, डोळे मिटूनही काढता आली असती. दोन बुरूज म्हणजे पहारा, खालचा मासा म्हणजे नदी आणि मधला दरवाजा म्हणजे खुद्द शहर. पाण्याच्या टाक्या, कचऱ्याच्या गाड्या, बागेतली बाकं, जिथं म्हणून पालिकेची मालकी तिथं काकांची ढाल. छत्तीस वर्षं हेच काम, आणि माणूस त्यात खूश. बायको म्हणायची, "पोरांच्या पाठीवर नाही काढलीत, तेवढं नशीब."

निवृत्तीला महिना उरला असताना पालिकेच्या इमारतीवरची मूळ दगडी ढाल धुवायला काढली. इतकी वर्षं तिच्यावर शेवाळाचा थर होता, आणि मान वर करून बघायला वेळ कुणाला? पाथरवटाने शिडीवरून हाक मारली, "काका, जरा वर येता का?"

काका वर गेले. लोकांच्या पायाखालची वाळू सरकते, काकांची शिडीच सरकायची बाकी राहिली. दगडातला दरवाजा घट्ट बंद होता. काकांच्या प्रत्येक दरवाजात मात्र मधोमध उजेडाची पिवळी फट होती.

चूक कुठे झाली ते त्यांना तिथेच उमगलं. पत्रा कापून स्टेन्सिल करतात, तेव्हा तुकडे गळून पडू नयेत म्हणून मध्ये एक पट्टी ठेवतात. रंग मारला की तिच्या जागी कोरी रेघ उरते. ती नंतर हाताने भरायची. बाविसाव्या वर्षी, एक ट्रंक घेऊन या शहरात आलेल्या नवशिक्याला ती रेघ चित्रातलीच वाटली. वर आपलं शहाणपण म्हणून त्याने तिच्यात पिवळा भरला.

आता गप्प बसावं तर मन खाणार, सांगावं तर आयुष्यभराचं काम पुसलं जाणार. त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच ते साहेबांसमोर उभे राहिले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

साहेबांनी विषय सभेपुढे ठेवला. "सगळ्या ढाली पुसा," असं अर्धे सभासद म्हणाले. मग अध्यक्ष खाकरले. गेली अकरा वर्षं प्रत्येक भाषणात ते ढालीकडे बोट दाखवून सांगत आले होते, "आमच्या शहराचं दार कुणालाही बंद नाही." आता आपलेच शब्द गिळायचे कसे? शेवटी ठराव एकमताने झाला: दुरुस्ती दगडात करावी.

मागच्या बाकावर बसलेल्या काकांना हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

पाथरवटाने शिडीवर त्यांच्या हातात खडू दिला. "तुम्हीच आखून द्या. किती उघडू?"

काकांनी बंद दरवाजावर दोन रेघा ओढल्या, मागे झुकून पाहिलं, एक रेघ पुसली आणि थोडी लांब सरकवली.

"एवढं," ते म्हणाले. "हातात ट्रंक असली तरी माणूस आत यायला हवा."