ग्रुपवर नको

नांदेडला विद्यापीठाच्या वसतिगृहात मी जनसंज्ञापनाचे सिद्धान्त पाठ करत बसले होते, तेव्हा गावाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला. आमचं गाव रेणापूरजवळ. व्हिडिओत कुठल्याशा छापखान्यात एक माणूस देवाचं चित्र असलेल्या लग्नपत्रिका पायाखाली तुडवत होता. खाली लिहिलं होतं, ‘हा आपल्या चाचाचा प्रेस. ओळखा.’ मागच्या पाटीवरची लिपी देवनागरी नव्हती, कुठल्यातरी दुसऱ्याच राज्यातली होती. तेवढं बघायची तसदी कुणी घेतली नव्हती.

चाचांचा छापखाना रेणापुरात. आमच्या गावातल्या बहुतेक लग्नपत्रिका तिथल्या, आणि माझ्या वडिलांची सगळी पत्रकंही. पाणी, वीज, हमीभाव, एसटीचा थांबा. मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. बिघडलेल्या पत्रिका चाचा रद्दीत घालत नाहीत. वेगळ्या पोत्यात ठेवतात, आणि पोतं भरलं की वडील ते धरणात सोडून येतात. लहानपणी ते पोतं धरून गाडीवर मागे मीच बसायची.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दुपारपर्यंत दीडशे जणांनी वाचलं. उत्तर एकाचंही नाही. मग कुणीतरी सोयाबीनचा भाव टाकला.

खासगीत मात्र मेसेज आले. शाळेतल्या सरांनी लिहिलं, ‘तुझं खरं आहे बाळा. पण ग्रुपवर नको.’ मैत्रिणीने लिहिलं, ‘लई भारी! माझं नाव मात्र घेऊ नको हं.’

याला पुस्तकात मौनाचं आवर्त म्हणतात. आपण एकटे पडू या भीतीने माणसं गप्प बसतात, आणि गप्प बसणाऱ्यांमुळे ओरडणारे जास्त वाटू लागतात. वर्गात फळ्यावर आकृती काढून मी ते समजावलं होतं. त्या आकृतीत सर बसत होते, मैत्रीण बसत होती. पण वाचणाऱ्यांच्या यादीत वडील होते. माझा मेसेज सगळ्यांत आधी त्यांनीच वाचला होता.

मी वडिलांना फोन लावला.

“दादा, तुम्ही का न्हाई लिहिलं? पोतं तर तुम्हीच नेता.”

“तू नांदेडात हायस, पोरी. मला संध्याकाळी त्याच पारावर बसायचंय.”

“मग जन्मभर पत्रकं कशाला वाटली?”

ते म्हणाले, “ती सरकारच्या विरोधात होती गं. सरकार पारावर येऊन बसत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी लातूरला बस बदलून मी रेणापूर गाठलं. ऐन लग्नसराईत छापखान्याचं यंत्र झाकलेलं होतं. आमच्या गावातल्या दोन घरांनी छापायला दिलेला मजकूर परत नेला होता.

“चाचा, पत्रक काढू. मी घरोघर वाटते.”

चाचा हसले. “ज्यानं व्हिडिओ बघितला न्हाई, त्याला पण देशील?”

“म्हणजे?”

“सकाळी चाकूरचं गिऱ्हाईक आलं होतं. व्हिडिओचं त्याला ठाऊकच न्हाई. तुझं लिहिलेलं कुणीतरी त्याला पाठवलं. ते वाचून विचारून राहिला, चाचा, नेमकं केलं तरी काय तुम्ही?” त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. “काढून टाक, बेटा.”

“पण खरं आहे ते!”

“हाव, खरंच हाय. काढ.”

मी आयुष्यात लिहिलेला एकही शब्द मागे घेतला नव्हता. त्यांच्यासमोर बसून तो मेसेज मी सगळ्यांसाठी डिलीट केला.

दोन मिनिटं गेली नसतील. ग्रुपवर मला पहिलं उत्तर आलं, ‘खोटं होतं म्हणूनच काढलं ना?’ खाली अंगठ्यांची रांग लागली. सरांचाही अंगठा होता.

चाचा त्या ग्रुपवर नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, “काय आलं गं?”

“काही न्हाई, चाचा,” मी म्हणाले आणि फोन पालथा ठेवला.