मागच्या आसाचा आवाज

लढाईच्या दिवसांत मी राहुरीला एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होतो. मोटार तेव्हाच पंधरा-एक वर्षांची जुनी. मुळा नदीच्या वाळूत मागचं चाक रुतलं, मी नको तेवढा जोर दिला आणि मागच्या आसात काडकन काहीतरी मोडलं. उघडून पाहिलं तर डिफरेन्शियलच्या, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या पेटीतल्या, मोठ्या चक्राचे तीन दाते उडालेले. चूक माझी होती. डॉक्टर एका शब्दाने बोलले नाहीत, त्यामुळे ती जास्तच जड झाली.

नवे भाग मिळायचे ते दिवस नव्हते. नगरच्या भंगारात त्याच जातीची एक मोडकी मोटार सापडली, तिच्यातून ते चक्र आणि त्याला फिरवणारं लहान चक्र अशी जोडी काढून आणली. खरं काम पुढेच होतं. तेलात कालवलेला शेंदूर दात्यांना लावायचा, हाताने फिरवायचं, दाते कुठे टेकले ते डागावरून बघायचं, मग सगळं खोलून पत्र्याची पातळ चकती घालायची नाहीतर काढायची. गोठ्यात बसून दिवसभर मी हेच करायचो. पाठ धरली होती. डॉक्टर तोवर बैलगाडीने खेडी करत होते. संध्याकाळी धुळीने भरून यायचे आणि गोठ्याकडे न बघता आत जायचे.

नवव्या दिवशी मोटार रस्त्यावर आली. वेग घेतला की मागून कुणी कण्हल्यासारखा बारीक आवाज. पुन्हा आस खाली काढला, पुन्हा शेंदूर, पुन्हा चकत्या. दुसऱ्या खेपेला डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी, बाई, दोघंही मागे बसले. नगरच्या रस्त्याला लागलो आणि आवाज तसाच. परत खोलावं लागेल, असं मी म्हणालो.

"कसला आवाज? मला काही ऐकू येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आता पुरे कर."

माझी दया आली असेल, असं मला वाटलं. पण बाई हळूच म्हणाल्या, "येतोय हो. मघापासून येतोय."

डॉक्टरांनी मला वेग वाढवायला सांगितलं. मान वळवून कान मागे लावला.

"आत्ता आहे?"

"आहे, साहेब."

"आणि आत्ता?"

"आहे."

बाई बाहेर बघत राहिल्या. थोड्या वेळाने डॉक्टरांनी गाडी वळवायला सांगितली.

घरी आल्यावर ते दवाखान्यात गेले. मी किल्ली द्यायला गेलो, तर नळी कानाला लावून स्वतःचीच छाती ऐकत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोकल्याच्या माणसाच्या छातीत बारीक घरघर असते रे. मला वाटायचं, हल्ली लोकांच्या छात्या साफ निघतात."

 किल्ली टेबलावर ठेवून मी बाहेर आलो.

तिसऱ्यांदा आस काढला तेव्हा पाना धरायचंही त्राण हातात नव्हतं. चार दिवस गेले, पण आवाज थांबला. डॉक्टरांना मी सांगितलं नाही, बाईंना सांगितलं.

त्यानंतर जखमा, ताप, बाळंतपणं डॉक्टर बघत राहिले. खोकल्याचा माणूस आला की मात्र नळी न लावताच चिठ्ठी लिहायचे, आणि मी त्या माणसाला मोटारीत घालून नगरला दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यायचो. पेट्रोल पुरलं नाही तर बैलगाडीने.