दगडावरचं निरंक

आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर एक संगमरवरी दगड आहे. त्याच्याकडे बघितलं की अजूनही माझं डोकं फिरतं. गावातून फौजेत गेलेल्या माणसांची नावं त्यावर कोरलेली आहेत. नाव, हुद्दा, पदके असे तीन रकाने. सातवं नाव माझ्या वडिलांचं, म्हणजे नानांचं. हुद्दा लांगरी. पदके निरंक.

निरंक म्हणजे काही नाही. सरकारी कागदावर रकाना रिकामा ठेवायचा नसतो, म्हणून हा शब्द लिहायची पद्धत आहे. कागदावर तो चालून जातो. पण मेलेल्या माणसाच्या नावापुढे तो दगडात कोरायचा, त्यात सोनेरी रंग भरायचा आणि वर झेंडूची माळ सोडायची, याला वेगळीच अक्कल लागते. जिल्ह्याहून आलेली यादी कोणी वाचलीच नव्हती. आली तशी कारागिराच्या हातात दिली आणि मोकळे झाले.

आमचं गाव पासलीच्याही पुढे, डोंगराच्या कुशीत. मी भोरला राहते, तिथल्या शाळेत मराठी शिकवते. गावी जायचं तर नसरापूरपर्यंत एसटी, तिथून वेल्ह्यापर्यंत वडापची जीप, आणि पुढे जे वाहन मिळेल ते. नाना गेल्यापासून आई तिथे एकटीच राहते. माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणते, भोरात हवा न्हाई.

नाना दहा वर्षं एका पलटणीत लांगरी होते, म्हणजे स्वयंपाकी. एकाहत्तरच्या लढाईत पलटण पश्चिमेच्या सीमेवर होती. नानाही तिथेच होते, कारण पलटण उपाशीपोटी लढत नाही. पुढे काही वर्षांनी आजोबा वारले. भाताची खाचरं बघायला घरात पुरुषमाणूस उरला नाही, म्हणून नाना फौजेतून नाव काढून घेऊन परत आले. लढाईची मेडलं वाटली गेली ती त्यांच्या माघारी. कुण्या कारकुनाने डिस्चार्ज बुकात त्या रकान्यात रेघ ओढावी तसं ‘निल’ लिहून टाकलं होतं. त्याचंच जिल्ह्याला निरंक झालं.

नानांनी कधी विचारलं नाही. कचेरीत पाऊल टाकलं की ते सावधानमध्ये उभे राहायचे आणि समोरचा जे बोलेल त्याला ‘जी साब’ म्हणायचे. समोर शिपाई असला तरी. त्यामुळे घरातलं कागदाचं काम आईकडे. ते पलटणीत होते तेव्हाही तीच चावडीवर जायची आणि परत आल्यावरही तीच. तिला सही येत नाही, पण उतारा सगळा वाचून घेतल्याशिवाय तिने कधी अंगठा उठवला नाही. तलाठी तिला वचकून असायचे.

पंधरा ऑगस्टला दगडाचं अनावरण झालं. सगळा कारभार सुभेदारांच्या हातात. हे गावचेच, नानांच्याच पलटणीतले, नानांच्या मागून भरती होऊन सुभेदार होऊन निवृत्त झालेले. दगडावर त्यांचं नाव पहिलं आणि पदकांना दोन ओळी पुरल्या नव्हत्या. त्यांनी माईकवर यादी वाचली. नानांचं नाव आलं तेव्हा ‘पदके निरंक’ हेही त्याच ठसक्यात वाचलं, जिभेला काही बोचलं नाही.

मग हयात नसलेल्यांच्या बायकांना नारळ दिले. तालुक्याहून आलेला पाहुणा अर्धा वेळ मोबाईलवर होता. आईची पाळी आली तेव्हा काहीतरी गोड बोलावं म्हणून त्याने माईक तिच्यासमोर धरला.

“आजी, आजोबांना कोणतं पदक मिळालं होतं?”

आईने पदर सावरला, दगडाकडे बघितलं आणि माईकमध्ये स्वच्छ आवाजात सांगितलं, “निरंक मिळालं व्हतं.”

पहिले हसले ते सुभेदार. मग खुर्च्यांवरचे, मग भिंतीला टेकून उभे असलेले. कोणी हसताना तोंडावर रुमालही धरला नाही. पाहुण्याला तर काहीच कळलं नाही. तो म्हणाला, “वा! अभिमानाची गोष्ट आहे,” आणि त्याने टाळ्या वाजवल्या. मला तिथल्या एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी काय केलं, तर आईचा दंड धरला आणि तिला घरी घेऊन आले.

वाटेत ती एवढंच म्हणाली, “लई हसले गं.”

बिचारीला निरंक म्हणजे मेडलाचं नाव वाटतंय, हे माझ्या मनाने घेतलं होतं. मी म्हटलं, “आई, ते मेडल अजून आपल्याला मिळालेलं नाही. मी आणते.”

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. “आन,” म्हणाली.

त्या दिवसापासून मला घाई लागली. तिला त्या शब्दाचा अर्थ कोणीतरी सांगेल, त्याच्या आत खरं मेडल तिच्या हातात पडलं पाहिजे, बाकी मला काही सुचत नव्हतं. गाव सांगायला टपलेलंच होतं. गिरणीत आईला ‘निरंकवाल्या काकू’ म्हणायला लागले होते. एकदा वडापमध्ये एकाने मला विचारलं, “काय बाई, निरंक आलं का पोस्टानं?” मी म्हटलं, “तुमच्या घरी चुकून गेलं असेल, बघा जरा.” पुढे वेल्ह्यापर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला.

अर्ज, डिस्चार्ज बुकाची नक्कल, मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला. जिल्ह्याच्या ऑफिसातल्या माणसाने कागद चाळले आणि विचारलं, “मुलगा नाही का कोणी?”

“नाही. मी आहे.”

“मुलगा असता तर बरं झालं असतं.”

“कुणाला?” मी विचारलं.

त्याने कागद ठेवून घेतले. चार महिन्यांनी दूरच्या रेकॉर्ड ऑफिसातून पत्र आलं. लढाईच्या काळात फौजेत असलेल्या सगळ्यांना मिळणारं मेडल देता येईल. पण स्टार, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं दुसरं मेडल, फक्त प्रत्यक्ष लढाईच्या भागात असलेल्यांना मिळतो. सदर इसम लांगरी असल्याने तो त्या भागात असल्याचा पुरावा किंवा त्याच पलटणीतल्या सहकाऱ्याचं लेखी म्हणणं जोडावं. म्हणजे लढणारे सीमेवर आणि त्यांची चूल पुण्यात, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असावं.

त्या पलटणीतला जिवंत माणूस आमच्या भागात एकच. सुभेदार.

मी त्यांच्या घरी गेले. नाक मुठीत धरून गेले. ओसरीवर काचेच्या पेटीत त्यांची मेडलं ओळीने लावलेली होती. चहा आला. मी कागद पुढे केला.

“तुजा बाप भला मानूस व्हता,” सुभेदार म्हणाले. “पन मेडल म्हंजे जिलबी न्हाई, पंगतीत बसला त्याला वाढायला.”

“सगळ्या पलटणीला मिळालंय, काका.”

“लडनाऱ्याला मिळालं. लांगऱ्याला कशापायी? वरन करपलं न्हाई म्हनून?”

“तुम्ही तेव्हा काय खात होता?”

“आं?”

“लढाई तेरा दिवस चालली. तेरा दिवस काय खाल्लंत, आणि कुणी शिजवलेलं?”

त्यांनी पेटीकडे बघितलं, मग रस्त्याकडे. “ते आता कुठं आठवतंय? आनि जे आठवत न्हाई त्याच्यावर सही कशी करनार? आमी फौजी मान्सं. खोटं लिवत न्हाई.”

मी चहाला हात लावला नाही. खाल्ल्या अन्नाला न जागणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत, पण त्याला फौजेची शिस्त म्हणणारा हा पहिलाच.

मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं, कागद जीर्ण आहेत. अपील केलं. उत्तर आलं, नोंद सापडत नाही. पुन्हा अपील केलं आणि लिहिलं की नोंद सापडत नसेल तर मी स्वतः येऊन शोधते, मला उन्हाळ्याची सुट्टी आहे. बहुतेक त्या सुट्टीला घाबरून एका पानाची झेरॉक्स आली. पलटणीतल्या ज्यांना स्टार मंजूर झाला होता त्यांची यादी. पानाच्या मध्यावर सुभेदारांचं नाव, तेव्हा ते साधे शिपाई होते. त्याच्याखाली दोन ओळी सोडून नानांचं. नंबर, नाव, लांगरी. एकाच पानावर, एकाच साहेबाच्या सहीखाली. स्टार तेव्हाच मंजूर झाला होता. फक्त नानांच्या कागदावर कोणी चढवला नव्हता.

ती झेरॉक्स मी मुद्दाम सुभेदारांना नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावून पान बघितलं, उलटं करून कोरी बाजूही बघितली.

“लई बारीक अक्षर हाय,” ते म्हणाले. मग पान परत देत म्हणाले, “बरं झालं. आता सत्कार ठिवू.”

पुढेही सुटका नव्हती. रेकॉर्ड ऑफिसातून फोन आला की जुन्या कागदात तालुका वेल्हे आहे आणि वारसाच्या दाखल्यात राजगड, तेव्हा दोन्ही माणसं वेगळी दिसतात. मी सांगितलं, साहेब, तालुक्याचं नाव बदललं, माणूस तोच आहे. तो म्हणाला, तसा दाखला द्या. बदललेल्या नावाचा दाखला काढायला आणखी दोन महिने गेले.

शेवटी जानेवारीत भोरला माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाकीट आलं. आत दोन मेडलं, एक गोल आणि एक स्टार, आणि दुरुस्त केलेल्या नोंदीचं पत्र. दोन्हींच्या कडेवर नानांचा नंबर आणि नाव ठोकलेलं. मी शिक्षक खोलीत बसून रडले. संतापानेच रडले, कारण नाना गेले तेव्हा हा स्टार मंजूर होऊन किती वर्षं लोटली होती, याचा हिशेब करवत नव्हता.

रविवारी गावी निघाले. एसटीत बसल्यावर पाकीट उघडून मेडलं पुन्हा बघितली. दीड वर्ष मी आईला झुलवत ठेवलं होतं. आता ती विचारणार, ह्यातलं निरंक कुठलं? खरं सांगितलं तर त्या दिवशी सगळे का हसले ते तिला कळणार. नसरापूर येईपर्यंत मी ठरवून टाकलं की स्टारलाच निरंक म्हणतात असं सांगायचं. पोरांच्या वहीत एक वेलांटी चुकली तर लाल रेघ मारणारी मी.

आई अंगणात वाल सोलत बसली होती. तिने पदराला हात पुसले आणि मेडलं मांडीवर घेतली. अंगठा कडेवरून फिरवला.

“नंबर हाय का हितं?”

“आहे.”

तिने तो नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला. एकही आकडा चुकला नाही. “त्यांच्या पत्रावर ह्योच लिवून घ्यायची मी,” म्हणाली.

मी लगेच स्टारवर बोट ठेवलं. “आई, हे निरंक.”

“कंचं?”

“हे, ताऱ्याचं. ह्यालाच निरंक म्हणतात.”

तिने मान वर केली. अशी नजर मी तलाठ्यासमोर बसलेल्या आईची बघितली होती, माझ्याकडे ती कधी वळली नव्हती.

“सातबाऱ्यावर इतर हक्क निरंक. कूळ निरंक. इतकी वर्सं दरसाल वाचून घेत आले. आनि मला निरंक कळत न्हाई व्हय?”

मी स्टारवरचं बोट उचललं. “मग त्या दिवशी माईकवर तू...”

“त्यो पाव्हना इचारत व्हता, काय मिळालं. काय मिळालं ते म्या सांगितलं. खोटं बोलले का?”

तिने मेडलं मांडीवरून उचलून पाकिटावर ठेवली.

“हसले त्ये हसले. त्यांच्याकडनं मला कायबी नको व्हतं. पन तू बी मला दंडाला धरून घरी आनलंस, येड्या मान्साला आनत्यात तसं. तू तर शिकलेली.”

ती पुन्हा वाल सोलायला लागली. मला माफी मागता आली नाही. दीड वर्ष मी सगळ्या गावाला शिव्या घालत होते, आणि आईला अडाणी समजण्यात त्यांच्या पंगतीत पहिल्या पाटावर मीच बसले होते.

संध्याकाळी सुभेदार आले. सव्वीस जानेवारीच्या आत दगडावरचं निरंक खरवडून तिथे पदकांची नावं कोरायची, कारागिराशी बोलणं झालंय, म्हणाले. आईने वाल बाजूला केले.

“दगडाला हात लावायचा न्हाई. मेडलं पलटनीनं दिली. गावानं काय दिलं ते गावानं सोताच्या हातानं लिवलंय. ऱ्हाऊ दे.”

“वहिनी, बरं दिसत न्हाई त्ये.”

“दिसू दे.”

सव्वीस जानेवारीला आई दोन्ही मेडलं लुगड्यावर उजव्या बाजूला लावून झेंड्याला गेली. नारळ झाला, शाल झाली. सुभेदारांनी नानांचं गुणगान केलं. त्यांच्या हातचं जेवण काय चवीचं होतं तेही आता त्यांना आठवत होतं. मग त्यांनी माईक आईपुढे धरला. “वहिनी, दोन शब्द.”

आईने माईक हातात घेतला नाही. “तुमीच वाचा की,” ती म्हणाली. “दगडावर हाय त्ये.”

ते वाचेनात. आई जागची हलली नाही. सगळं गाव बघत उभं होतं. शेवटी सुभेदारांनी दगडाकडे तोंड केलं आणि नानांचं नाव वाचलं. हुद्दा लांगरी. पदके निरंक. या वेळी कोणी हसलं नाही.

परत येताना मी तिच्या दंडाला हात लावला नाही. ती पुढे चालत होती, मी मागून.